गोठ्याची नळी तुंबली तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाचे दोन पाऊस पडले की आपल्या खारपाणपट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, "नळ चालू हाये, पण हौदात पाणी येऊन नाई राह्यलं." पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचे पाणी खारे. विहीर आहे आणि ढोरं तहानलेली, अशी आपली गत. म्हणून वान, शहानूर, काटेपूर्णा या धरणांचे पाणी गावात नळाने येते. नळापासून गोठ्यापर्यंतची नळी मात्र आपली, तिची दुरुस्तीही आपलीच.

दर्यापूर तालुक्यात एका घरी गेलो, तर नळी तीन दिवसांपासून बंद. लांबी २०० फूट. मालकाने लोखंडी सळई घालून एक एल्बो फोडून ठेवला होता. आता पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावणार होता. मी हात धरला. हवेच्या दाबाने पीव्हीसी नळी फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. मग म्हणाला, फवारणीचा पंप लावतो. तो तर अजिबात नको. कितीही धुतला तरी त्यात विष राहते, आणि त्याच नळीचे पाणी म्हशी पिणार.

अख्खा चर खणायची गरज नसते. नळी २० फुटांची, म्हणजे सांधे कुठे आहेत ते ठाऊकच आहे. मधला, १०० फुटांवरचा सांधा उघडा केला, त्याच्याजवळ नळी आरीने कापली. पाणी आले. म्हणजे वरचा अर्धा भाग साफ. १६० फुटांवर कापली, कोरडी. १२० वर पाणी. राहिला १४० चा सांधा. चौथ्या खड्ड्यात तोच निघाला, बोटभर उचकटलेला, आत काळी माती ठासलेली.

हे होते कसे? आपली काळी माती वैशाखात भेगाळते, पावसात फुगते. या ओढाताणीत सांधा सुटतो आणि पहिल्या पावसाचा गाळ आत शिरतो. वरून पाण्याचा जोर दिला तर बोळा आणखी घट्ट बसतो. म्हणून आम्ही हौदाकडच्या टोकाला ड्रममधली छोटी मोटर जोडली आणि उलटे पाणी सोडले. १४० वरचे कापलेले तोंड उघडेच ठेवले. गाळ तिथूनच बाहेर पडला, गावाच्या नळात गेला नाही. नंतर कपलर घालून सांधे जोडले, नळीखाली आणि वर वीतभर मुरूम भरला, हौदाजवळ खोलगट जागी एक व्हॉल्व्ह बसवला. महिन्यातून एकदा तो उघडायचा, गाळ निघून जातो. खर्च फार नाही, पण मुरूम टाकायचा कंटाळा करू नका. सगळे त्यातच चुकतात.

आता दुसरी गोष्ट. त्या घरी दोन बैल, दोन दुभत्या म्हशी. उन्हाळ्यात बैलाला ४०, म्हशीला ७० लिटर धरा. दिवसाचे २२० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पंधरा हंडे. तीन दिवस ते घरच्या बाईने वाहिले. मी विचारले तेव्हा मालक म्हणाला, "तिले कायचा त्रास, घरीच तं असते." ती दाराआड उभी होती, काही बोलली नाही. १९८६ साली चांदवडला आपल्या मायबहिणी कशासाठी जमल्या होत्या? दुधाला हमीभाव नाहीच. उद्या मिळाला, तर त्या खर्चात हे हंडे कोण मांडणार? आपण मोजलेच नाहीत, तर सरकार कशाला मोजेल?

पुढल्या बैठकीला येताना आपल्या गावात कितीजणांचे सांधे सुटले ते लिहून आणा. आणि शेजारच्या रकान्यात हंडे. आकडा घरधन्याला नाही, बाईलाच विचारून लिहा.