सूचना फळ्यावरची आणि पडद्यावरची



जुलै महिना, पहाटेचे साडेपाच. डोंबिवलीत रात्रभर पाऊस कोसळतोय आणि सकाळच्या सत्राची शाळा सातला भरते. पालकांच्या ग्रुपवर 'आज शाळांना सुट्टी' असं पत्रक येऊन पडलेलं असतं. त्याखाली कुणीतरी विचारतं, अहो, हे गेल्या वर्षीचं तर नाही ना? पत्रकावर जिल्हाधिकाऱ्यांचं नाव आहे, शिक्का आहे, नेमकी तारीख तेवढी फोटोत कापली गेलीय. मग एखादा पालक शाळेचं संकेतस्थळ उघडतो. तिथे स्नेहसंमेलनाचे फोटो डावीकडून उजवीकडे सरकत असतात. 'नवीन' म्हणून लुकलुकणारी ओळ दाबली, तर ती निघते दोन वर्षांपूर्वीच्या प्रवेशाची.

संगणक आपल्याकडे उशिरा आला, अशी सबब ठाणे-कल्याणकरांना सांगता येणार नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधांची कामं संगणकावर आणली आणि पुढे तेच प्रारूप राज्यातल्या इतर पालिकांसाठी घेतलं गेलं. खोट दुसरीकडेच आहे. शाळेचं पान बहुतेक वेळा संस्थाचालकांना दाखवण्यासाठी केलेलं असतं. ते वाचणारी आई मात्र दिवा स्थानकातल्या गर्दीत, लोकलमध्ये एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ते उघडत असते.

तिच्यासाठी पान करायचं, तर ते आठवीच्या मुलांनाही एका तासिकेत जमतं. संगणकातलं साधं नोटपॅड उघडायचं. गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही चिन्हं मुलांना ठाऊक असतातच. त्या दोन चिन्हांच्या मधे एच आणि १ लिहायचं, पुढे शाळेचं नाव, आणि मग पुन्हा तसंच एच १, फक्त एचच्या आधी एक तिरकी रेघ. झालं शीर्षक. परिच्छेद हवा असेल तर एच १च्या जागी नुसता पी. फाइल साठवताना नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल लिहायचं आणि एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-८ निवडायचं. हेच यूटीएफ-८ पानाच्या माथ्यावरही एका ओळीत सांगून ठेवायचं, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. फाइलवर दोनदा क्लिक केलं की ब्राउझरमध्ये शाळेचं नाव ठळक अक्षरांत दिसतं. याला इंटरनेटसुद्धा लागत नाही. प्रयोगशाळेतलं नेट आठवड्यातून चार दिवस बंद असणाऱ्या शाळांनी हे मुद्दाम ऐकावं.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ असंच होतं, नुसता मजकूर आणि दुवे. १९९१ साली ते जगासमोर आलं आणि १९९३ मध्ये सर्ननं हे तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. त्या पानांची जपून ठेवलेली प्रत आजच्या मोबाइलवरही क्षणात उघडते. परवाच केलेली कित्येक पानं उघडत नाहीत.

आता सूचनेच्या फोटोबद्दल. शाळेच्या कार्यालयात अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेखन चालतं. तो मजकूर उचलून पानावर टाकला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. मग लिपिकबाई वैतागून कागद छापतात, मोबाइलनं फोटो काढतात आणि तो चढवून मोकळ्या होतात. त्यांचा दोष नाही, पण हिशेब ऐका. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट जागा घेतं. पाचशे चिन्हांची सूचना म्हणजे दीड किलोबाइट. तिचाच फोटो सहज तीन मेगाबाइटचा होतो, म्हणजे दोन हजार पट. शिवाय फोटोतला मजकूर नीट शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन पालकाचा वाचक-प्रोग्राम तिथे येऊन गप्प बसतो. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून आहे. कार्यालयातल्या संगणकात युनिकोडचा कीबोर्ड एकदा बसवून घ्या, एवढंच काम आहे.

मराठी पानाला इंग्रजी पानाचे सगळे नियम लावू नयेत. इंग्रजीत शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. दोन ओळींत जागा कमी ठेवली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळीची उंची अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवा. पानाच्या सुरुवातीला भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय असते तो मग ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतो. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत मिळतात आणि डोळ्यांना सुखावतात. शिवाय 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक ओळ विसरू नका. ती नसली, तर मोबाइल ते पान मोठ्या पडद्याचं समजून आकसून दाखवतो आणि आई दोन बोटांनी ताणत बसते. हात तर एकच मोकळा आहे.

मजकुरात सर्वात वर आजची सूचना, आणि तिच्याआधी तारीख, वर्षासकट. मग कार्यालयाची वेळ, दूरध्वनी, पत्ता, अकरा आकडी यूडायस क्रमांक. मुख्याध्यापकांचं मनोगत खाली गेलं तर ते रागावणार नाहीत, अशी आशा करू. मुलांची नावं आणि चेहरे टाकताना मात्र हात आखडता घ्या. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे, आणि कायदा नसता तरी दहावीच्या गुणांसह मुलीचा फोटो जगजाहीर करायचं काही कारण नव्हतं.

गिटहब पेजेसवर असं पान फुकट ठेवता येतं. संकेतस्थळासाठी स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घ्यायचं असेल, तर ते शाळेच्या नावानं आणि शाळेच्या ईमेलवरूनच घ्या. संगणकाच्या सरांनी हौसेनं स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं, सर दुसऱ्या शाळेत जातात, नूतनीकरणाची आठवण त्यांच्याच मोबाइलवर येत राहते, मुदत संपते आणि पुढे तेच नाव घेऊन कुणीतरी त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतं. तेव्हा मुख्याध्यापक बदलले की कार्यभाराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांखाली या खात्याचा तपशील आणि नूतनीकरणाची तारीखही लिहून घ्या, आणि जुन्या-नव्या दोघांच्याही सह्या घ्या.