नाव मोठं, पण सही कुणाची?



पुण्याजवळ चाकणला मर्सिडीज-बेंझच्या गाड्या जोडल्या जातात. २०२० साली तिथे ‘एएमजी जीएलसी ४३ कूपे’ ही गाडी जोडायला सुरुवात झाली. भारतात जोडलेली ही पहिली एएमजी. तेव्हाची शोरूमची किंमत ७६ लाख ७० हजार. ती काही आपल्या दारात येणार नाही. पण तिच्यावरून शौकिनांत जो वाद होतो, तो आपल्या कामाचा आहे. ही खरी परफॉर्मन्स गाडी, की नुसतं नावच वेगाचं?

एएमजी हा १९६७ साली जर्मनीत दोघांनी काढलेला, शर्यतीची इंजिनं बनवणारा कारखाना. त्यांच्या मोठ्या इंजिनाची एक रीत आहे. एकच कारागीर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडतो आणि वर आपल्या सहीची पट्टी लावतो. त्या वेळच्या जीएलसी ६३ एसमध्ये असं इंजिन होतं : आठ सिलिंडर, ५१० अश्वशक्ती, शून्यावरून शंभरचा वेग ३.८ सेकंदांत. चाकणच्या ४३ ला सहा सिलिंडर, ३९० अश्वशक्ती, ४.९ सेकंद. तिच्या इंजिनावर सही नव्हती, कारण ते एकाच्या हातचं नव्हतं.

मग ४३ खोटी का? आम्हाला तसं वाटत नाही. गाडी वेगवानच आहे. पण ती ६३ नाही, आणि बनवणाऱ्यानेही तिच्यावर नसलेली सही लावली नाही.

आता आपल्या पापडाकडे या. बरेच गट आता मशीनवर पापड लाटतात. डाळ आपली, मसाला आपला, वाळवणही आपलंच. पाकिटावर ‘हाताने लाटलेले’ लिहावं का? व्यापारी म्हणतो, लिहा, दोन पैसे जास्त मिळतील. आम्ही म्हणतो, लिहू नका. मशीनचा पापड काही वाईट नसतो. पण ज्या बाया अजून पोळपाटावर लाटतात, त्यांची मजुरी आपण त्या एका शब्दाने खातो. ‘घरच्या मसाल्याचे’ लिहा, ते खरं आहे. हातच्या पापडाचं पाकीट वेगळं ठेवा, भाव वेगळा लावा आणि तिची हरकत नसेल तर लाटणारीचं नावही छापा.

लेबल छापायला देण्याआधी बैठकीत त्यावरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचा. विचारा, हे काम आपल्यातल्या कुणी केलं? नाव सांगता आलं, तरच तो शब्द ठेवा.