हुशार आहे, पण…
(शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या वर्गात असा एखादा विद्यार्थी असतोच की, ज्याच्याविषयीचे आपले मत दिवसातून दोनदा बदलते. तोंडी हिशेब घातला की पहिला हात त्याचा. वह्या तपासावयास घेतल्या की सर्वांत अधिक लाल रेघा त्याच्याच पानावर. मग आपण म्हणतो, "हुशार आहे, पण आळशी आहे." या 'पण'विषयी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांबरोबर तो वसमतच्या बाजारास जाई आणि पावणेदोन क्विंटल हळदीचे पैसे तोंडी सांगे. परंतु 'पंचवीस' लिही म्हटले की ५२ लिही. 'घर'चे 'धर' करी. मी त्यास एकेक शब्द शंभर वेळा लिहावयास लावला, वर्गापुढे उभे केले. दिवाळीनंतर तो गुरांमागे जाऊ लागला. मी घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, "गुरुजी, त्याच्या डोक्यात शाळाच नाही." हे वाक्य त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेले होते.

आज कळते की, तो आळस नव्हता. बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड काही मुलांच्या मनात सहज बसत नाही. हा अध्ययन अक्षमतेचाच एक प्रकार होय. आपल्या भाषेत घ-ध, भ-म, प-ष ही अक्षरे दिसावयास जवळची. शिवाय 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. पहिली-दुसरीत अशा चुका सर्वच मुले करतात. पुरेसा सराव होऊनही तिसरी-चौथीत त्या टिकून राहिल्या, तर मात्र थांबून विचार करावा. काही मुलांची अडचण अवधानाची असते. ती खोडकर नसतात. त्यांचे चित्त एका जागी ठरत नाही, इतकेच. काहींच्या ठायी दोन्ही अडचणी एकत्र आढळतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली आहे. परंतु निदान करणे हे आपले काम नव्हे. आधी मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. तांड्यावरील मुलाची घरची बोली गोरमाटी असते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मुलाची शाळाच बुडालेली असते. त्यांचे मागे पडणे ही अक्षमता समजू नये. तरीही शंका उरली, तर गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांस कळवावे आणि प्रमाणपत्राचा मार्ग पालकांस समजावून द्यावा.

तोवर वर्गात पुष्कळ करता येते. 'पंचवीस म्हणजे वीस आणि पाच' असे म्हणत दशक आधी लिहवून घ्यावा. अक्षर वाळूत बोटाने गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करवावा. दहा वाक्यांऐवजी चारच द्यावीत, पण ती बरोबर करवून घ्यावीत. चंचल मुलास खिडकीपासून दूर, आपल्याजवळ बसवावे. काम लहान तुकड्यांत द्यावे आणि मध्येच फळा पुसावयास उठवावे. परिसर अभ्यासाचे उत्तर त्यास तोंडी विचारावे. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामास स्थान आहेच. सर्वांसमक्ष मोठ्याने वाचण्याची सक्ती मात्र करू नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे, हेही स्मरणात ठेवावे.

आपणांस दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात, हे मी जाणतो. म्हणून एकच विनंती करतो. या आठवड्यात आपल्या वर्गातील सर्वांत अधिक लाल रेघांची वही काढा, त्या मुलास जवळ बसवा आणि तोच धडा तोंडी विचारा. उत्तर आले, तर त्याच्या घरी जाऊन आईवडिलांना सांगा, "मूल हुशार आहे." त्यापुढे 'पण' जोडू नका.