उतारवयाची तरतूद

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांती नगर ही मध्यमवर्गीयांची मोठी वसाहत आहे. मुंबईंत दोन खोल्यांची जागाही परवडेना, तेव्हां १९८० नंतरच्या काळांत पुष्कळ तरुण कुटुंबें या बाजूस येऊन राहिलीं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या शिरगणतींत १,७५,६०५ होती; ती २००१ सालीं ५,२०,३८८ आणि २०११ सालीं ८,०९,३७८ झाली. एवढी वाढ केवळ जन्मांनीं होत नाहीं. नवीं बिऱ्हाडें आल्यानें ती होते. जीं माणसें त्या वेळीं तिशी-चाळिशींत होतीं, तीं आतां पासष्टी-पंचाहत्तरींत आहेत. जुन्या गांवांत म्हातारीं आणि तरुण माणसें नेहमींच मिसळलेलीं असतात. पण एकाच काळांत वसलेल्या वसाहतीला वार्धक्यही एकाच काळांत येतें.

येथल्या जुन्या इमारती बहुधा तळमजला व त्यावर तीन-चार मजले अशा आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना लिफ्ट नाहीं. एका हातांत भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातावर मूल घेऊन जो जिना सहज चढला जात असे, त्याच्याच पायऱ्या गुडघे दुखूं लागल्यावर मोजल्या जातात. प्रथम संध्याकाळचें फिरणें सुटतें, मग बाजार, मग डॉक्टरांकडची नेमाची तपासणी. एखाद्या दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें, आणि चार शेजारी खुर्चींत बसवून रुग्णास खालीं आणतात. शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला पुन्हां वर कसें न्यावयाचें, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

शांती नगर उभारणाऱ्या शांतिस्टार बिल्डर्स यांच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं असें प्रतिपादिलें कीं, जगण्याच्या हक्कांत योग्य निवाऱ्याचा हक्कही येतो. मनुष्याला केवळ डोक्यावर छप्पर पुरत नाहीं; त्याच्या जीवनास साजेशी जागा लागते. तें तत्त्व वार्धक्यासही लावून पाहिलें पाहिजे. पस्तिशींत योग्य असलेलें घर पंचाहत्तरींतही योग्य आहे काय?

अशाच एखाद्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दांपत्याची कल्पना करावी. पति चौऱ्याहत्तर वर्षांचे, पत्नी एकोणसत्तर वर्षांची; मुलगा कॅनडांत, मुलगी पुण्यास. सर्व ठीक चाललें आहे, म्हणून पुढचा विषय कोणी काढीत नाहीं, काढलाच तर "असें अभद्र कशाला बोलतां?" असें पत्नी म्हणते. पुढें पतीस पक्षाघाताचा झटका येतो. मुलगा दहा दिवसांची रजा काढून येतो. त्या दहा दिवसांत शुश्रूषा कोणी करावी, राहावें कोठें, पैसा कोणत्या खात्यांतून काढावा, हे सारे निर्णय घाईनें होतात. आणि ज्या दोघांच्या आयुष्याचा प्रश्न, त्यांतील एकाला बोलतां येत नाहीं व दुसरीला कोणी विचारीत नाहीं. हेच निर्णय दोन वर्षें आधीं, दोघांच्याही तोंडून, शांतपणें झाले असते.

या विचारांत साह्य कोणाचें घ्यावें? डॉक्टर रोग पाहतात, वकील कागद पाहतात, मुलें खर्च पाहतात. रुग्णाचा सबंध दिवस आणि विशेषतः त्याची रात्र जिला ठाऊक असते, ती अनुभवी परिचारिका. १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारें रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्या विद्येचा उपयोग रुग्णशय्येपुरताच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. परदेशांत कांहीं परिचारिका वृद्धांच्या वतीनें डॉक्टर, इस्पितळ व नातलग यांच्याशीं बोलण्याचें आणि पुढची योजना आंखून देण्याचें काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून करितात. आपल्याकडे ती प्रथा रुळलेली नाहीं. तथापि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली, निवृत्त झालेली एखादी परिचारिका पुष्कळ घरांच्या ओळखींत असते. तिला योग्य मोबदला देऊन सल्ल्यासाठीं बोलवावें. मात्र ती कोणत्याही इस्पितळाकडून वा ब्यूरोकडून दलाली घेणारी नसावी.

ती आली म्हणजे प्रथम घर पाहील. न्हाणीघराचा उंबरा, ओली होणारी फरशी, रात्रीं पलंगापासून संडासापर्यंतची वाट, चाकांची खुर्ची आंत जाईल काय, हें ती तपासील. दोघांचीं औषधें एका टेबलावर मांडून, दोन डॉक्टरांनीं एकच औषध निरनिराळ्या नांवांनीं दिलें आहे काय, हें पाहील व तसें आढळल्यास डॉक्टरांस विचारावयास सांगेल. ब्यूरोकडून येणारी मावशी आणि शिकलेली परिचारिका यांतील भेदही ती समजावील. अंघोळ घालणें, भरविणें, कूस बदलणें हें मावशी करूं शकते. इंजेक्शन, नळीवाटे अन्न किंवा जखमेची मलमपट्टी यांसाठीं शिक्षण लागतें. बारा तासांची बाई हवी कीं चोवीस तासांची, आणि ती रजेवर गेल्यास बदली कोण देणार, हे प्रश्न आधींच विचारावे लागतात.

घराविषयीं चार मार्ग संभवतात. पहिला, आहे त्याच घरांत भिंतींना धरावयाच्या दांड्या, उंच संडास व रात्रीचा दिवा अशी सुधारणा करणें. दुसरा, त्याच वसाहतींत तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतींत जागा बदलणें. यांत शेजार व ओळखीचा डॉक्टर सुटत नाहीं, म्हणून तो बहुधा सर्वांत हितकर ठरतो. तिसरा, पुनर्विकासाची वाट पाहणें. पण त्यांत कांहीं वर्षें भाड्याच्या जागेंत काढावीं लागतात, आणि वृद्धांस तीं वर्षें महाग पडतात. चौथा, वृद्धांसाठींच्या निवासांत जाणें. अशा नव्या गृहप्रकल्पांसाठीं महारेरानें २०२४ सालीं आदर्श नियम ठरविले. रुंद दारें, उतरते मार्ग, न घसरणारी फरशी, चाकांची खुर्ची मावेल अशी लिफ्ट यांचा त्यांत विचार आहे. परंतु माहितीपत्रक वाचून निर्णय करूं नये. जेवणाच्या वेळीं जाऊन पाहावें, शक्य तर आठ दिवस राहावें, आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : माणूस अंथरुणाला खिळला किंवा त्याची स्मृति गेली तर ठेवून घेणार काय? कित्येक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांनाच घेतात.

पैशाच्या बाबतींत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कांहींही असो, आयुष्मान भारत योजनेंत वर्षाला कुटुंबामागें पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली आहे, आणि तें कार्ड अवश्य काढावें. परंतु ही सोय इस्पितळांतील उपचारांची आहे. घरीं आल्यावर महिनोन्‌महिने लागणाऱ्या मावशीचा पगार त्यांतून निघत नाहीं. त्यासाठीं निराळी ठेव राखली पाहिजे.

राहतें घर हयातींत मुलांच्या नांवें करून देण्याचा मोह टाळावा. देणेंच झालें तर बक्षीसपत्रांत "आमचा सांभाळ करावा" अशी अट स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वयें, अशी अट मोडल्यास तें हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द करूं शकतें. आणि अटीचें महत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं अधोरेखित केलें आहे. गृहसंस्थेंतील नामनिर्देशनानें कोणी मालक होत नाहीं, म्हणून मृत्युपत्र निराळें करावें. घर एकट्या पतीच्या नांवें असेल तर मागें राहणाऱ्या पत्नीचा निवारा त्या मृत्युपत्रावर अवलंबून राहतो.

मुखत्यारपत्राविषयीं तर विशेष सावध असावें. मुलाच्या नांवें मुखत्यारपत्र आहे, आतां चिंता नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. पण आपल्या करार कायद्याप्रमाणें तें करून देणाऱ्याची बुद्धि गेली कीं मुखत्यारीही संपते. नेमकी ज्या दिवशीं गरज पडते, त्याच दिवशीं तो कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून बँकेंतील खातीं दोघांच्या नांवें, कोणीही एकानें व्यवहार करावा अशा रीतीनें ठेवावीं. बरें होण्याची आशा उरली नसतां यंत्रांच्या आधारें जगविलें जावें कीं नाहीं, याची इच्छाही आधीं लिहितां येते. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती मान्य केली, आणि २०२३ सालीं रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी.

याला फार मोठा खटाटोप लागत नाहीं. एखाद्या रविवारीं मुलें घरीं आलीं असतां किंवा दूरध्वनीवर असतां, त्या परिचारिकेला बोलावून सर्वांनीं बसावें. बोलण्याचा पहिला मान वृद्धांचा, आणि त्यांतही पत्नीला वेगळें विचारावें. ठरेल तें एका कागदावर लिहावें : जागा कोणती, खर्च कशांतून, इस्पितळांत कोणाचा शब्द मानावा. दरवर्षीं तो कागद पुन्हां वाचावा. तब्येत बदलते, तशी इच्छाही बदलते. असें बोलण्यानें मुलांची माया कमी होत नाहीं. उलट, आईबापांना काय हवें होतें, हें न कळल्याची रुखरुख त्यांच्या मागें राहत नाहीं. अडचणींत सापडलेल्या वृद्धांसाठीं १४५६७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु ती वेळ येण्यापूर्वीं, तिसऱ्या मजल्याचा जिना अजून स्वतःच्या पायांनीं उतरतां येतो आहे तोंवरच, खालीं येऊन तळमजल्यावरच्या जागेची चौकशी करणें अधिक बरें.