लहान देशाचा किशोर संघ
(इंदूर येथे मराठी भाषिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदूर नगरीत खेळाविषयी दोन शब्द बोलावयाचे तर होळकर संघाचे स्मरण क्रमप्राप्तच ठरते. एका संस्थानाच्या नावाने खेळणारा हा क्रिकेट संघ १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत चार वेळा रणजी करंडकाचा मानकरी ठरला. मुंबई-बंगालसारख्या बलाढ्य प्रांतांशी त्याने बरोबरीच्या नात्याने झुंज दिली. मुश्ताक अली इंदूरचेच. परंतु कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १९४८-४९ च्या हंगामात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढणारे आणि पुढे होळकर संघात आलेले भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. यशवंतराव होळकरांनी गुणी माणसे हेरली, त्यांना आश्रय दिला, मानमरातब दिला, आणि संघ उभा राहिला. यात गैर काही नाही. गुणग्राहकता हाही एक गुणच आहे.

आजचा माझा विषय मात्र याच्या नेमका उलट आहे. प्रौढांचा संघ बाहेरून माणसे आणून जमविता येतो. सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघ असा जमविता येत नाही. तो घरीच वाढवावा लागतो, आणि त्याची पेरणी सहा-सात वर्षे आधी व्हावी लागते. एखाद्या देशात मुलांच्या खेळाची व्यवस्था कशी आहे, हे पाहावयाचे असेल तर त्याचा किशोर संघ पाहावा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली. नवी मुंबई आणि गोव्यातील मडगाव ही तिच्या सहा केंद्रांपैकी दोन. चोवीस संघ आले, बावन्न सामने झाले आणि तेरा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ते मैदानावर जाऊन पाहिले. या चोवीस संघांत न्यू कॅलेडोनिया नावाचा एक संघ होता. प्रशांत महासागरातील या बेटांची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील इंदूर शहराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी. राजकीयदृष्ट्या ही बेटे फ्रान्सच्या अधिकाराखाली आहेत. परंतु फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००४ साली त्यांना स्वतंत्र सदस्यत्व दिले. या बेटांवर जन्मलेले ख्रिस्तियान कारांब्यू १९९८ साली विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघात होते. बेटांवरचा उत्तम खेळाडू मोठा झाला की फ्रान्सचा होतो, हे तेथील लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. किशोर संघ तेवढा त्यांचा स्वतःचा.

आणि योगायोग असा की, या मुलांचा पहिलाच सामना गुवाहाटीत फ्रान्सशीच पडला! ८ ऑक्टोबर रोजी झालेल्या त्या सामन्यात त्यांच्यावर सात गोल झाले. त्यांनी अखेरीस एक केला. तीन दिवसांनी होंडुरासने त्यांना ५-० असे हरविले. बारा गोल पचवून ही मुले १४ तारखेला कोलकात्यात जपानसमोर उभी राहिली. सातव्याच मिनिटाला जपानने गोल केला. प्रेक्षकांपैकी अनेकांनी पुढचा हिशेब मनातल्या मनात मांडला असेल. परंतु दुसरा गोल झाला नाही, आणि ८३व्या मिनिटाला जेकोब जेनो याने बरोबरी साधली. या बेटांना या स्पर्धेत मिळालेला तो पहिला गुण. गुणतक्त्यात संघ तळाशीच राहिला. तरीही पावणेतीन लाख वस्तीच्या बेटांना जपानला रोखणारी अकरा मुले मिळाली, ही गोष्ट मला स्पर्धेच्या अंतिम निकालाइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्या मुलांचे काय झाले? यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता. दिल्लीत ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ३-०, ९ तारखेला कोलंबियाकडून २-१ आणि १२ तारखेला घानाकडून ४-० असा पराभव झाला. मात्र कोलंबियाविरुद्धचा सामना पाहणाऱ्याला केवळ हे आकडे सांगून समाधान होणार नाही. पूर्वार्धाच्या अखेरीस राहुल के. पी. याचा फटका गोलखांबावर आदळला. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला. जागतिक संघटनेच्या विश्वचषक स्पर्धेतील तो भारताचा पहिला गोल होय. स्टेडियम आनंदाने दुमदुमले, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. आनंदातून सावरून लगेच आपापली जागा धरणे ही सवय असते. अटीतटीचे पुष्कळ सामने खेळल्यावाचून ती अंगी बाणत नाही.

त्या एकवीस जणांच्या भारतीय पथकात आपल्याला जवळची वाटतील अशी दोन नावे होती. नमित देशपांडे हा अमेरिकेत वाढलेला मुलगा. आणि अनिकेत जाधव कोल्हापूरचा. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला, हे येथील मंडळींना कदाचित नवल वाटेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही कुस्तीच्या आखाड्यांची नावे. पण त्याच नावांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडतात, आणि त्या दिवशी पेठाच्या पेठा मैदानाकडे लोटतात. पोरगे चालू लागले की चेंडू पायाशी येतो. अशा गावातून निघालेला अनिकेत पुण्यात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. घर सोडून निवासी शिक्षण, रोजचा सराव, मोजून दिलेला आहार, शाळाही सांभाळायची. गावाने गोडी लावली, संस्थेने शिस्त लावली. या दोहोंपैकी एकच असते तर तो दिल्लीच्या मैदानावर पोहोचला असता असे मला वाटत नाही.

या स्पर्धेच्या प्रचारासाठी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम हाती घेण्यात आला होता. मी स्वतः प्रसिद्धी खात्याचा माणूस असल्याने अशा दिवसाचे मोल कमी लेखणार नाही. गावोगावच्या शाळांत त्यानिमित्ताने चेंडू पोहोचला. पण सोळा सप्टेंबरला त्या चेंडूत हवा कोण भरणार, हा प्रश्न प्रसिद्धी खात्याला सोडविता येत नाही.

तो प्रश्न सोडविलेला देश म्हणजे आइसलँड. वस्ती २०१६ च्या सुमारास सव्वातीन लाखांच्या घरात होती, आणि हिवाळा असा की मैदानावर कित्येक महिने खेळता येत नाही. २००० सालापासून त्यांनी पूर्ण आकाराची मैदाने छपराखाली घेतली आणि लहान मुलांनाही प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक मार्गदर्शक मिळतील अशी तजवीज केली. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांच्या एकवीस वर्षांखालील संघाने जर्मनीला ४-१ असे हरविले आणि २०११ साली प्रथमच त्या वयोगटाच्या युरोपीय अंतिम स्पर्धेत प्रवेश मिळविला. त्याच मुलांपैकी अनेक जण २०१६ मध्ये नीस येथे इंग्लंडला २-१ असे नमविणाऱ्या राष्ट्रीय संघात होते.

आता शिक्षक आणि ग्रामसेवक बंधूंसाठी थोडेसे, कारण ही बाब त्यांच्या टेबलावरची आहे. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेली मुलेच पात्र होती. २००९ पासून या वयोगटाच्या जागतिक स्पर्धेत खेळाडूंच्या मनगटाची चुंबकीय तपासणी होते. हाडांच्या वाढीवरून वय अधिक असल्याचे ध्यानात येते. दाखल्यावर एखादे वर्ष कमी लिहून मुलाचे कल्याण होईल, असे काही पालकांना अजूनही वाटते. अशा मुलाला खालच्या गटात सहज विजय मिळतात, पुढे तपासणीत तो बाद होतो. आणि त्याच्यामुळे जो खऱ्या वयाचा मुलगा आधीच घरी बसला, त्याचे नाव कोठेच नोंदलेले नसते.

सतराव्या वर्षानंतर काय, हाही प्रश्न आहेच. २०१७ चा भारतीय संघ विखुरला नाही; त्यातील बहुतेकांना ‘इंडियन ॲरोज’ या नावाने आय-लीगमध्ये खेळविण्यात आले. जॅक्सन सिंग आणि अन्वर अली २०२३ साली दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. मध्यंतरी हृदयविकाराच्या निदानामुळे अन्वरचा खेळ थांबविण्यात आला होता. त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली. ॲरोज संघ मात्र २०२२ मध्ये बंद करण्यात आला. त्याच्या जागी तसेच काही उभे राहावयास हवे होते, असे माझे वैयक्तिक मत आहे.

मुलींची गोष्ट याहून कठीण. त्यांच्या २०२० च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाले होते. महामारीमुळे स्पर्धा प्रथम पुढे ढकलली गेली, नंतर रद्द झाली. ती २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. भारताचे तिन्ही सामने हरले, परंतु पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती. अंतिम सामना नवी मुंबईत ३० ऑक्टोबरला झाला. त्या वेळी पात्रतेची तारीख १ जानेवारी २००५ ही होती. २०२० च्या स्पर्धेची तयारी करीत राहिलेल्या २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुलींपैकी एकीलाही त्या मैदानावर उतरता आले नाही.