खणातले नाटक



चिटणिसांचे पत्र आम्हांला माघात आले आणि ह्या भाषणाचे टिपण आम्ही काल रात्री लिहिले. मधल्या काळात आम्ही पुस्तकांना कव्हरे घातली, जुनी पत्रे लावली, बंद पडलेले घड्याळ दुरुस्त करून आणले. तेव्हा कलावंताच्या चालढकलीवर बोलण्याचा आमचा अधिकार कोणी नाकारील असे वाटत नाही.

लोक ह्याला आळस म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. आळशी माणूस खुशाल निजतो. चालढकल करणारा कलावंत दिवसभर राबतो, फक्त त्या एका कामाच्या वाटेला जात नाही. मनातले नाटक निर्दोष असते. कागदावर उतरलेला पहिला प्रवेशच सांगून टाकतो की, बाबा रे, तुझी झेप एवढीच! न लिहिलेल्या अंकाला मात्र कोणी नावे ठेवू शकत नाही.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. जे प्रवेश हाती आले त्यांच्या भाषेवर रसिक लुब्ध झाले, आणि उरलेले नाटक ज्याने त्याने मनात पुरे केले, अर्थात अप्रतिमच! 23 जानेवारी 1919 रोजी, अवघे 33 वर्षांचे असताना गडकरी गेले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले त्यांनी पाहिले नाही. अशा माणसाला चालढकलीचा दोष देणे अन्यायाचे होईल. पण अपुऱ्या हस्तलिखिताचे ते वैभव पाहून आमच्यासारख्या धडधाकट माणसांना भलताच मोह पडतो. आमच्या खणात एक नाटक नऊ वर्षे पडून आहे. मित्र विचारतात तेव्हा आम्ही गंभीर चेहऱ्याने ‘चालले आहे’ म्हणतो. खरी गोष्ट अशी की, पहिला अंक वाचून दाखविताना एक जाणते गृहस्थ मध्येच पान लावू लागले. त्या दिवसापासून दुसरा अंक निघालाच नाही.

हरिभाऊ आपट्यांना ही चैन परवडणारी नव्हती. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. अंकाचा दिवस ठरलेला, वाचक वाट पाहणार. हे प्रकरण मागच्यापेक्षा उतरले असे वाटले, तरी छापखान्याला मजकूर हवाच. आधी आत्मविश्वास आणि मग लेखन, हा क्रम तेथे चालता ना. हप्ता म्हणजे रामबाण नव्हे, हेही खरे. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या.

येथे माहूलला हे निराळे सांगायला नको. तेलाच्या टाक्यांच्या शेजारी कोळीवाडा अजून आहे. जाळे भरेल की नाही, हा प्रश्न कोळी किनाऱ्यावर बसून सोडवीत नाही. पाण्याची वेळ झाली की होडी काढतो.

मग चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) ह्यांचे काय, असे कोणी विचारील. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. पण त्यांचे थांबणे चित्राकडे तोंड करून होते; कुंचला खाली असतानाही चित्राचाच विचार चाले. आम्ही घड्याळजीकडे गेलो होतो!

चिटणीस तेच घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा आवरते घेतो. येत्या शनिवारी चार मित्रांना दुसरा अंक वाचून दाखविण्याचे आम्ही कबूल करून बसलो आहोत. पान लावणारे गृहस्थही येणार आहेत. अंक अजून लिहिलेला नाही.