माथेरानचा वारसा कोणाच्या खांद्यावर?



रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान पर्यटकांना ठाऊक असते ते लाल माती, पॉइंट आणि झुकझुक गाडी यांपुरते. पाहुणे परतल्यावरही तेथे एक गाव नांदत असते, याचे भान क्वचितच राहते. २०११ च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या अवघी ४,३९३ होती.

ठाण्याचा तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये माथेरानचा ‘शोध’ लावला, असे सांगितले जाते. वास्तविक धनगर, ठाकूर आणि कातकरी यांच्या पायांना या डोंगरवाटा आधीपासून परिचित होत्या. माथ्यावरचे रान हे नावच त्याची साक्ष देते. पुढे धनिकांचे बंगले उभे राहिले, बाजारपेठ वसली. १९०५ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या उद्यमातून नेरळहून रेल्वे वर आली. शार्लोट तलाव गावाची तहान भागवू लागला. त्याच्या काठावरील पिसारनाथ हे ग्रामदैवत.

या गावाचा सर्वांत तेजस्वी वारसा मात्र दगडमातीचा नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकारी पाशातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठीची योजना राबविली, गावोगावी शाळा सुरू केल्या. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना हौतात्म्य आले. सत्तेचे लहानसे पदही दुर्बलांसाठी कसे वापरावे, हा भाई कोतवालांनी घालून दिलेला धडा आहे.

त्या धड्याची कसोटी आजही लागते. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाले. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. त्यामुळे रान वाचले, शांतता टिकली. परंतु या शांततेची किंमत कोणी मोजली? चढावर माणसाने माणसाला ओढणाऱ्या हातरिक्षाचालकाने! ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खऱ्या हातरिक्षाचालकांनाच ई-रिक्षा मिळाव्यात आणि निधीच्या अभावाची सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

आदेशाचे पालन प्रत्यक्षात उतरवायचे असते ते गावात. खरा श्रमिक कोण, याची निवड निःपक्षपाती झाली पाहिजे. ई-रिक्षाच्या निमित्ताने डोंगराचे दार मोटारींना उघडता कामा नये. घोड्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबाचा विचारही सुटता कामा नये. थोडेच करदाते असलेल्या नगरपरिषदेवर हजारो पाहुण्यांच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा भार आहे. तो हलका करणे हे पर्यटकाचेही कर्तव्य ठरते. नेलेले प्लास्टिक परत आणणे, श्रमाचा मोबदला घासाघीस न करता देणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला सहज शक्य आहे.

वनराई जपणे आणि माणसाचा मान राखणे यांत विरोध नाही. माथेरानने ही दोन्ही कर्तव्ये एकत्र पार पाडली, तर हुतात्मा कोतवालांच्या जन्मभूमीला ते खऱ्या अर्थाने शोभून दिसेल.